मुलांचे तंटे आणि मुलांचे पंच

शाळेत तंटा झाला नाही असा दिवस कोणत्याही शिक्षकाने पाहिला नसेल. कंपासपेटीतील पेन्सिल नाहीशी होते, पोषण आहाराच्या रांगेत कोणी कोणास ढकलतो, खो-खोच्या खेळात गडी बाद झाला की नाही यावरून दोन्ही बाजू हमरीतुमरीवर येतात, किंवा कोणी कोणाच्या बापाचे नाव घेऊन चिडवितो. मग उभयता रडत ओरडत गुरुजींपुढे येतात. गुरुजींचा गणिताचा तास अर्धा राहिलेला असतो व समोर चाळीस मुले बसलेली असतात. ते एकास दटावितात, दुसऱ्यास ताकीद देतात, किंवा "दोघेही कान धरून उभे राहा" असे म्हणून प्रकरण आटोपते घेतात. तंटा मिटला असे गुरुजींस वाटते. मुलांस मात्र तसे वाटत नाही. शाळा सुटल्यावर ओढ्याकाठी तोच तंटा पुन्हा उभा राहतो, आणि कधी कधी तो दोन घरांत व दोन आळ्यांतही शिरतो.

ह्या पाठात आम्हांस असे विचारावयाचे आहे की, मुलांचे तंटे मिटविण्याचे काम मुलांच्याच हाती देता येईल काय, आणि दिल्यास मोठ्यांस त्याची कोणती किंमत द्यावी लागेल. पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर अनेक देशांतील शिक्षकांनी प्रत्यक्ष करून दाखविले आहे. दुसऱ्या अर्ध्याकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि आमच्या मते खरी अडचण तेथेच आहे. आमच्या मंडळ्यांतील कित्येक बंधुभगिनी शाळांतून शिकवितात, कित्येक रविवारच्या शाळेची मुले सांभाळतात, आणि बाकीचे निदान आईबाप तरी आहेतच. तेव्हा हा विषय कोणासच परका नाही.

प्रथम आमचाच दोष सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यातील शाळेत शिकवीत असता एका मुलीचे सहलीच्या वर्गणीचे पैसे नाहीसे झाले. वर्गात एक मुलगा असा होता की, त्याच्या घरची स्थिती फार हलाखीची होती व त्याने पूर्वी एकदा कोणाचे तरी पेन उचलले होते. आम्ही अधिक चौकशी न करता त्यास सर्वांदेखत उभे केले, त्याचे दप्तर उपडे करविले, आणि त्यात काही निघाले नाही तेव्हा त्यास एक चपराक दिली. तिसऱ्या दिवशी ते पैसे त्या मुलीच्याच वहीच्या खाकी वेष्टणात सापडले. आम्ही त्या मुलास इतकेच म्हणालो, "बरे, झाले ते झाले." त्यानंतर वर्षभर त्याने आमच्या तासास एकदाही हात वर केला नाही.

आज विचार करता आम्हांस चपराकीहूनही दुसरी एक गोष्ट अधिक सलते. त्या मुलास आमच्याविरुद्ध दाद मागण्यास जागाच नव्हती. फिर्यादी आम्ही, साक्षीदार आम्ही, न्यायाधीश आम्ही आणि शिक्षा देणारेही आम्हीच. गावात कोणा सावकाराने असे केले असते तर आम्हीच त्यास अन्यायी म्हटले असते.

मुलास दाद मागण्यास जागा असावी, हा विचार ज्या माणसाने सर्वांत पुढे नेला तो शिक्षक नव्हता, वैद्य होता. पोलंड देशातील वॉर्सा शहरी हेन्रिक गोल्डश्मिट नावाचे एक यहूदी बालवैद्य होते. ते यानुश कोर्चाक ह्या टोपणनावाने पुस्तके लिहीत, व जग त्यांस त्याच नावाने ओळखते. १९१२ साली वॉर्सातील क्रोखमाल्ना रस्त्यावर यहूदी अनाथ मुलांसाठी एक गृह उघडले गेले. कोर्चाक त्याचे प्रमुख झाले आणि स्टेफानिया विल्चिन्स्का ह्या बाईंनी त्यांच्याबरोबर त्या गृहाचा कारभार वाहिला. तेथे सुमारे शंभर मुले राहत. शंभर मुले एका छपराखाली राहतात तेथे किती तंटे होत असतील हे वसतिगृह चालविणाऱ्यांस सांगावयास नको.

ह्या गृहात कोर्चाकांनी मुलांचे न्यायालय स्थापिले. त्याची रीत येणेप्रमाणे होती. सर्वांस दिसेल अशा जागी एक फळा टांगलेला असे. ज्याची तक्रार असेल त्याने त्यावर आपले नाव व ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे नाव लिहावे. संध्याकाळी चिटणीस ती नावे वहीत उतरून घेई आणि दुसऱ्या दिवशी उभय पक्षांचे म्हणणे लिहून ठेवी. मग ठरलेल्या दिवशी न्यायालय बसे. न्यायाधीश मुलेच. ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही फिर्याद नव्हती अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच जण निवडीत, आणि हे पाच जण पन्नास फिर्यादींचा निकाल करीत. फिर्यादी फार झाल्या व निष्कलंक मुले पुरेनाशी झाली, तर सर्वांतून चिठ्ठ्या टाकीत. मात्र कोणी स्वतःच्याच फिर्यादीचा निकाल करू नये एवढे पाहत. पाचांमुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. दूरच्या त्या देशातील वैद्यासही पाच हीच संख्या सुचली हे पाहून आम्हांस मौज वाटली.

शिक्षकाचे काम येथे फक्त चिटणिसाचे. त्याने जबान्या घ्याव्या, वाचून दाखवाव्या व गप्प बसावे. निकालात त्याचे मत धरले जात नसे. वाचकांतील शिक्षकांनी क्षणभर विचार करावा की हे किती कठीण आहे. आपणांस सर्व ठाऊक आहे, कोण खोटे बोलतो हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसते आहे, आणि तरी तोंड उघडावयाचे नाही!

न्यायालयासाठी एक कलमबंदीही केलेली होती, आणि आमच्या मते ह्या सर्व खटाटोपाचे सार तीत आहे. आपल्या शिक्षेच्या कायद्यांत अपराध व दंड यांची यादी असते. कोर्चाकांच्या संहितेत पहिली नव्याण्णव कलमे सोडून देण्याची किंवा क्षमेची होती. फिर्यादीने तक्रार परत घेतली, खरे काय घडले हे न्यायालयास कळू शकले नाही, आरोपीस माहीत नव्हते, त्याने थट्टेने केले, रागाच्या भरात केले, त्यास पश्चात्ताप झाला आहे, अशी नाना कारणे त्यांत दिलेली होती. न्यायाधीश मुलास ह्यांतून बसेल ते कारण शोधावे लागे. म्हणजे "ह्यास काय शिक्षा द्यावी" असे न विचारता "ह्याने असे का केले असेल" हा प्रश्न त्यास आधी विचारावा लागे. बारा वर्षांच्या मुलास ही सवय लागणे म्हणजे लहान गोष्ट नव्हे. आम्हांस ती अजून पुरती लागलेली नाही.

शंभराव्या कलमापासून पुढे दोष सुरू होई. तेथे न्यायालय क्षमा न करता इतकेच म्हणे की आरोपीने ती गोष्ट केली आहे. दोनशेव्या कलमात त्याने वाईट केले असे म्हणे, आणि पुढील कलमे शंभराशंभरांनी चढत जात. कोठे निकाल न्यायालयाच्या वर्तमानपत्रात छापीत, कोठे फळ्यावर लावीत, कोठे घरच्यांस कळवीत. नऊशेव्या कलमात न्यायालय आपली आशा संपली असे सांगे, आणि त्या मुलास गृहात राहावयाचे असल्यास कोणीतरी त्याची हमी घ्यावी लागे. हजारावे कलम गृहातून काढून टाकण्याचे; परंतु त्यातही तीन महिन्यांनी परत येण्यासाठी अर्ज करण्याचा हक्क ठेवलेला होता. छडी, उपाशी ठेवणे, अंधाऱ्या खोलीत कोंडणे, यांपैकी कोणत्याही शिक्षेस संहितेत जागा नव्हती. बहुतेक फिर्यादी क्षमेच्या कलमांखालीच निकालात निघत.

आता किमतीची गोष्ट. अर्ध्या वर्षात कोर्चाकांनी स्वतःस पाच वेळा ह्या न्यायालयापुढे उभे केले. एकदा त्यांनी एका मुलाच्या कानशिलात दिली होती. एकदा एकास निजावयाच्या खोलीबाहेर घालविले होते, एकदा एकास कोपऱ्यात उभे केले होते, एकदा एका न्यायाधीशाचाच अपमान केला होता. आणि एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला होता. ही शेवटची फिर्याद वाचताना आम्हांस आमच्या त्या वर्गाची आठवण झाली हे सांगणे नको. मुलांनी त्यांस सौम्य कलमे लावली. पण कोर्चाकांनी पुढे लिहून ठेवले की, ह्या थोड्या फिर्यादींनीच आपणांस नव्या रीतीचा शिक्षक बनविले. मुलांवर आपले प्रेम आहे म्हणून आपण त्यांस दुखवीत नाही असे नव्हे, तर आपल्या लहरीपासून त्यांचे रक्षण करणारी एक संस्था आता उभी आहे म्हणून, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्रेमळ शिक्षकांस हे बोल लागतील. आम्हांसही लागले.

परंतु हे न्यायालय सुरळीत चालले असे कोणी समजू नये. कोर्चाक हे प्रामाणिक लेखक असल्यामुळे त्यांनी आपले अपयशही लिहिले आहे. काही मुलांनी न्यायालयाचा खेळ केला. क्षमाच होणार हे ठाऊक झाल्यावर काही जण निर्ढावले. कित्येकांस वाटे की, ही चौकशीची कटकट नको, त्यापेक्षा एक चपराक बरी. अखेरीस न्यायालय बंद करावे लागले. चार आठवड्यांनी ते पुन्हा उघडले तेव्हा त्यात फेरफार केलेले होते. निकाल मान्य नसल्यास निदान एक महिन्यानंतर फेरविचार मागण्याची सोय झाली. काही प्रकारच्या फिर्यादी न्यायालयातून काढून एका लहान मंडळाकडे दिल्या. आणि मुलांस मोठ्यांवर, म्हणजे शिक्षकांवर व चाकरांवर, फिर्याद करण्याचा हक्क मिळाला. न्यायालय कोसळले असता त्यास टेकू म्हणून जे लावले त्यांत मोठ्यांस त्याच्या सत्तेखाली आणणे हे एक होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कोर्चाकांचा शेवट पुष्कळांस ठाऊक असेल. जर्मन नाझी सत्तेने १९४० साली वॉर्सातील यहूदी लोकांस भिंतीआड कोंडले तेव्हा हे अनाथगृहही तेथे हलवावे लागले. तेथे उपासमारीत, १८ जुलै १९४२ रोजी, ह्या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर' हे नाटक केले. त्यात अमल नावाचा आजारी मुलगा खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो. पुढील महिन्यात सुमारे दोनशे मुलांस त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे नेण्यात आले. कोर्चाकांस स्वतःचा जीव वाचविण्याची संधी असता त्यांनी ती घेतली नाही. ते व विल्चिन्स्काबाई मुलांबरोबर गेले आणि त्यांतील कोणी परत आले नाही.

अनाथगृह व दिवसाची शाळा यांत भेद आहे हे आम्हांस मान्य आहे. गृहातील मुलास पळून जावयास दुसरे घर नसते. शाळेतील मूल पाच वाजता घरी जाते, आणि तेथे आईबाप त्याचा तंटा आपल्या अंगावर घेतात. म्हणून शाळांसाठी दुसरीही एक रीत पाहिली पाहिजे. ती अमेरिकेत वाढली. न्यूयॉर्क येथे क्वेकर पंथाच्या लोकांनी १९७२ सालापासून शाळांत जाऊन मुलांस तंटे शांतपणे सोडविण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. सॅन फ्रान्सिस्को शहरी १९७६ साली शेजाऱ्यापाजाऱ्यांचे तंटे शिकविलेल्या शेजाऱ्यांनीच ऐकावे अशी एक संस्था निघाली, आणि पुढील दशकात तिची रीत शाळांत शिरली. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड व रॉजर जॉन्सन ह्या बंधूंनी तर असे सुचविले की हे शिक्षण निवडक मुलांस न देता सर्वांस द्यावे व पाळी सर्वांवर यावी.

ह्या रीतीत मुले न्यायाधीश नसतात, मध्यस्थ असतात. मधल्या सुट्टीत दोघे दोघे मध्यस्थ मैदानात फिरतात. कोठे भांडण दिसले तर ते प्रथम विचारतात, "आमची मदत पाहिजे काय?" नको म्हटले तर निघून जातात. पाहिजे म्हटले तर चौघे एका बाजूस बसतात. एक बोलत असता दुसऱ्याने मध्ये बोलू नये, शिवी देऊ नये, खरे सांगावे, एवढे नियम उभयता कबूल करतात. मग एक जण सांगतो, आणि मध्यस्थ तेच आपल्या शब्दांत परत सांगून विचारतो, "तुझे म्हणणे असेच ना?" नंतर दुसऱ्याची पाळी. आमच्या अनुभवाने पुष्कळ तंटे येथेच अर्धे विरतात, कारण आपले म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून नीट ऐकावयास मिळणे हे खेड्यातील मुलास काय, मोठ्या माणसासही क्वचितच लाभते. शेवटी उभयतांनीच उपाय सुचवावयाचा. मध्यस्थाने निकाल द्यावयाचा नाही व सल्लाही द्यावयाचा नाही. ठरले ते कागदावर लिहून दोघे सही करतात. मध्यस्थ निवडताना केवळ शहाणी व पहिल्या बाकावरची मुले घेऊ नयेत असे ह्या कामातील अनुभवी लोक सांगतात. जो स्वतः भांडखोर म्हणून नावाजलेला आहे तोही ह्या कामी उपयोगी पडतो, आणि त्याचे ऐकणारी मुलेही पुष्कळ असतात.

येथे एक मोठा धोका सांगितला पाहिजे, आणि तो आपल्या गावांस विशेष लागू आहे. तंटा व छळ ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. दोघे सारख्या बळाचे असून भांडले तर तो तंटा होय. एक बलवान असून तो दुबळ्यास रोज गाठून त्रास देत असेल तर तो छळ होय, आणि तेथे मध्यस्थी करू नये असे अमेरिकेच्या सरकारचे मार्गदर्शनही स्पष्ट सांगते. कारण मध्यस्थीत अर्धा दोष तुझा, अर्धा त्याचा, असे सुचविले जाते. छळ सोसणाऱ्याचा दोष कोणता? आपल्याकडे गावपंचांनी व जातपंचायतींनी गरिबास बसवून "आता मिटवून टाक" असे किती वेळा म्हटले आहे हे आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांनी स्वतः पाहिले आहे. असल्या पंचांच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळास २०१६ साली कायदा करावा लागला. तेव्हा पाच मुलांच्या पंचायतीपुढे एखाद्या मुलाने जातीवरून हिणविले गेल्याची तक्रार आणली, आणि पाचही पंच हिणविणाऱ्याच्याच आळीचे असले, तर त्यास आपण न्याय म्हणणार काय? अशा तक्रारी, मारहाणीच्या तक्रारी, व अंगास हात लावण्याच्या तक्रारी मोठ्यांनीच हाती घ्यावयाच्या असतात. शेवटच्या प्रकारात तर २०१२ च्या बाललैंगिक अपराधांविषयीच्या कायद्याने कळविणे हे कर्तव्यच केले आहे. ते मुलांवर किंवा पंचांवर सोपवून मोकळे होता येत नाही.

आपल्या देशात शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मारणे व मानसिक छळ करणे यांस मनाई केली, आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून चालू आहे. पण छडी गेल्यावर तिच्या जागी काय आणावे हे कायदा कसे सांगणार? पुष्कळ शाळांत काहीच आणले गेले नाही. छडीची जागा टोचून बोलण्याने घेतली. दुसरीकडे, आपल्या शाळांत मुलांच्या मंत्रिमंडळाची निवडणूक होते, कोणी मुख्यमंत्री होतो, कोणी आरोग्यमंत्री होतो, आणि त्यांस परिपाठाची व मैदान झाडण्याची देखरेख दिली जाते. न्यायाचे काम मात्र त्यांस क्वचितच मिळते. मुलांच्या हाती झाडू द्यावयास आम्ही तयार आहो. फिर्यादीची वही द्यावयास तयार नाही.

ज्या शिक्षकांस हे करून पाहावयाचे असेल त्यांनी लहान आरंभ करावा. सहावीसातवीच्या मुलामुलींस ऐकून घेण्याचे व परत सांगण्याचे काही तास शिकवावे. मुलगे व मुली दोन्ही असावे, आणि एकाच आळीचे नसावे. ओसरीवर एक लहान फळा टांगावा. ज्यास लिहिता येत नाही अशा पहिलीच्या मुलाचे नाव मोठ्याने लिहून द्यावे. बैठक शनिवारी सकाळच्या शाळेत ठेवावी, रोज ठेवू नये. मंगळवारी लिहिलेली तक्रार शनिवारपर्यंत राहू दिली म्हणजे पुष्कळ वेळा फिर्यादी स्वतःच येऊन ती पुसतो, कारण तोवर दोघे पुन्हा एकत्र विटीदांडू खेळू लागलेले असतात. पहिल्या महिन्यात फळा भरून वाहील, त्यास भिऊ नये. मुले फळ्याची परीक्षा घेत असतात. आईबापांस एकदा बोलावून सर्व समजावून द्यावे, नाहीतर "आमच्या पोरास पोरांनी कोर्टात उभे केले" असा बोभाटा गावभर होईल, आणि त्यात त्यांचा दोष म्हणता येणार नाही.

आणि एखाद्या दिवशी त्या फळ्यावर गुरुजींचे नाव येईल. ते पुसू नये, लिहिणारा कोण याची चौकशी करू नये, आणि हसण्यावारीही नेऊ नये. शनिवारी इतरांबरोबर ते नाव वाचावे, गुरुजींनी खाली बसून आपली जबानी द्यावी, व त्या दिवशी चिटणिसाचे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे. पहिल्या खेपेस मुले भिऊन गुरुजींस निर्दोष ठरवितील हे जवळजवळ ठरलेलेच. तसे झाल्यास, आणि चूक झालेली असल्यास, गुरुजींनी ती आपल्या हाताने वहीत लिहावी, त्या मुलाचे नाव घेऊन त्याची क्षमा मागावी, खाली सही करावी, आणि पुढची फिर्याद वाचावयास सांगावे.